फुकटचा खेळ

शाळेच्या वार्षिकासाठी दरसाल मी काही ना काही लिहितो, आणि बहुधा ते व्याकरणावर, वाचनाच्या गोडीवर किंवा एखाद्या सहलीवर असते. यंदा संपादक-मंडळातील विद्यार्थ्यांनी मजकडे येऊन हट्ट धरला की, "सर, या खेपेस मोबाईलवरील खेळांविषयी लिहा." मी म्हणालो, "बाळांनो, त्या विषयात मी अगदी अडाणी आहे." त्यावर एकजण म्हणाला, "म्हणूनच लिहा." ह्या उत्तरात थट्टा किती व विश्वास किती हे मला कळले नाही, परंतु गेली पाच-सहा वर्षे ह्या खेळांचा, विशेषतः त्यांच्या मधोमध येणाऱ्या जाहिरातींचा, माझ्या घराशी व माझ्या वर्गाशी असा काही संबंध आला आहे की, तो कधीतरी कागदावर उतरवावा असे मनात होतेच. त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यात माझाही दोष आहे. ती सांगण्यास ज्यांची परवानगी हवी होती त्यांनी ती दिली आहे. नाव व गाव मात्र मी सांगणार नाही.

प्रारंभ आईपासून करतो. माझी आई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. आज तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि पुण्यास असलेल्या नातवंडांची व तिची भेट खुंटली, तेव्हा माझ्या बहिणीने तिच्या मोबाईलवर लुडो घालून दिला. हा लुडो किंग नवी मुंबईतील गेमेशन नावाच्या कंपनीने २०१६ साली काढलेला होता. पण खरा घरोघर पोहोचला तो त्या टाळेबंदीत. वास्तविक लुडो म्हणजे आपल्या पचिशीचेच इंग्रजी रूप. इंग्रजांनी ती आपल्या देशी नेली, १८९६ साली तिचे तेथे पेटंट झाले, आणि सव्वाशे वर्षांनी ती मोबाईलमधून माझ्या आईच्या पदरात परत आली. आईस तिची गोडी लागली. सोंगटी मारली गेली की ती खरोखरच हळहळे.

डाव संपला की जाहिरात येई. तिकडे पुण्यास नातवंडे चरफडत. ही मात्र चष्मा सावरून साबणाची, तेलाची, असेल त्या वस्तूची जाहिरात शेवटपर्यंत पाही. मी एकदा म्हणालो, "आई, कोपऱ्यात बारीक फुली येते, ती दाबली की जाहिरात जाते." ती म्हणाली, "अरे, त्यांनी खेळ फुकट दिला आहे. त्यांचे बोलणे मध्येच तोडणे बरे दिसते का? त्यांनाही पोट आहे." दारावर बोहारीण आली की जुने लुगडे द्यावयाचे असो वा नसो, आई तिला ओट्यावर बसवून पाणी देत असे. तीच रीत तिने मोबाईलमधील फेरीवाल्यासही लावली होती.

आईचे गणित चुकीचे नव्हते. हे खेळ ज्यांनी रचले त्यांचे पगार बहुतांशी ह्या जाहिरातींवरच निघतात. खेळणाऱ्यांपैकी थोडे लोक पैसे मोजून काही जिन्नस विकत घेतात. बाकीचे आपले काही क्षण देतात, आणि कंपनी ते क्षण जाहिरातदारास विकते. ही विक्री कशी होते हे मी पुढे वाचले तेव्हा चकित झालो. एक डाव संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीच्या निमिषमात्रात त्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. बोली लावणारी माणसे नसून यंत्रे असतात. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात पडद्यावर येते. आपल्या जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव निदान डोळ्यांना दिसतो व कानांना ऐकू येतो. हा लिलाव ज्याच्या वेळेचा होतो त्यालाच त्याची वार्ता नसते.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. फुकट करमणूक दाखवून मध्येच आपले म्हणणे ऐकविण्याची युक्ती आमच्या मंडळींनीही केलेली आहे. निजामाच्या राज्यात माझे आजोबा एका उपदेशकाबरोबर खेडोपाडी मॅजिक लँटर्नची पेटी डोक्यावर वाहून नेत. पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर रंगीत चित्रे दिसू लागली की सारा गाव लोटे. चार चित्रे झाली की उपदेश, पुन्हा चार चित्रे. आजोबा हसत सांगत की, उपदेश सुरू झाला की लोक तंबाखू मळावयास लागत आणि चित्र आले की पुन्हा सरसावून बसत. तथापि तो उपदेशक त्याच गावात रात्रीस मुक्काम करी, सकाळी विहिरीवर लोकांस भेटे, आणि त्यांच्या प्रश्नांस व टवाळीस तोंड देई. मोबाईलमधील फेरीवाल्यास प्रश्न विचारण्याची सोय नाही, हा भेद मला लहान वाटत नाही. असो.

खेळात जाहिरात शिरली ती काही मोबाईलमुळे नव्हे. १९९६ साली आपल्या उपखंडात क्रिकेटचा विश्वचषक झाला तेव्हा मी नववीत होतो व मिशनच्या वसतिगृहात राहात होतो. त्या स्पर्धेचे नावच विल्स विश्वचषक असे होते. आम्ही पोरांनी आवारातील कडुनिंबाखाली आपलीही स्पर्धा भरविली आणि कोळशाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, "विल्स चषक." अधीक्षक साहेब संध्याकाळच्या फेरीस आले, त्यांनी ते वाचले आणि विचारले, "मुलांनो, विल्स म्हणजे कोण?" आमच्या कर्णधाराने छातीठोकपणे सांगितले, "जुना इंग्रज खेळाडू असावा, साहेब." विल्स ही सिगारेट आहे हे आम्हांस त्या दिवशी कळले. साहेब रागावले नाहीत. भिंत मात्र धुवून घेतली. पुढे २००३ साली कायदा होऊन तंबाखूच्या जाहिराती व तिच्या नावाने होणारे पुरस्कार बंद झाले. परंतु नववीतील मुलाच्या तोंडी एखादे नाव किती निरागसपणे बसू शकते, हे मी स्वतःवरून जाणतो.

आता वर्गाकडे वळतो. २०२३ सालच्या जानेवारी महिन्यात नववीच्या वर्गाच्या वाङ्मय-मंडळात मी हाच विषय चर्चेस ठेवला: खेळातील जाहिरातींविषयी तुमचे मत काय? माझी अपेक्षा अशी होती की सगळी मुले एकमुखाने "नकोत" म्हणतील आणि तासाची वीस मिनिटे उरतील. तसे झाले नाही. मुलांनी जाहिरातींच्या अशा जाती पाडून दाखविल्या की, शब्दांच्या जाती शिकविताना त्यांची ही बुद्धी कोठे जाते असे मला वाटले.

पहिली जात सीमारेषेवरील पाट्यांची. मोबाईलवरील क्रिकेटच्या मैदानाभोवती ज्या पाट्या दिसतात त्यांविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. उलट एक मुलगा म्हणाला, "सर, पाट्या नसल्या तर ते मैदान आपल्या गल्लीतले वाटते." खऱ्या सामन्यात पाट्या असतात, म्हणून खेळातही हव्यात. ही भावना केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत २००८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ओबामा यांच्या प्रचारकांनी 'बर्नआउट पॅराडाइज' नावाच्या मोटारींच्या शर्यतीच्या खेळात रस्त्याकडेचे फलक घेतले होते. रस्ता म्हटला की फलक असावयाचेच, म्हणून ते तेथे शोभून गेले. मी हे सांगितले तेव्हा वर्गात हशा पिकला. "आपल्याकडे तर खेळात सगळे वाढदिवसाचेच फलक लागतील," असे कोणीसे मागून म्हणाले.

दुसरी जात मध्येच येणाऱ्या जाहिरातीची. तिच्यावर मुलांचा खरा राग होता. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना पडदा काळा व्हावा आणि कोणी बाई फेस आलेले भांडे दाखवीत उभी राहावी, ह्याला एका मुलीने "तोंडातला घास काढणे" म्हटले. फुली उशिरा येते, मोहरीएवढी असते, कधी कधी फुलीसारखे दिसणारे चित्रच असते व ते दाबले की भलतेच दुकान उघडते. ही सगळी गाऱ्हाणी मुलांनी आवेशाने मांडली. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून खेळ घेतलेला असतो त्यांचा राग तर ह्याहून तीव्र असतो, आणि तो न्याय्यच होय. २०२० सालच्या सप्टेंबरात 'यूएफसी ४' ह्या झुंजीच्या विकत घेतलेल्या खेळात कंपनीने मध्येच एका दूरदर्शन-मालिकेची जाहिरात घातली, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी इतका गिल्ला केला की कंपनीस ती मुकाट्याने काढून घ्यावी लागली. नाटकाचे तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकापुढे दुसऱ्या अंकात कोणी औषध विकू लागला तर आपणही उठून उभे राहू.

तिसरी जात खोट्या जाहिरातींची, आणि हिच्याविषयी मुलांस राग नव्हता, मौज वाटत होती. जाहिरातीत दाखवितात एक खेळ. उतरवून घेतला की निघतो दुसराच. ब्रिटनमधील जाहिरात-मानक संस्थेने २०२० साली अशाच दोन जाहिराती फसव्या ठरवून बंद केल्या होत्या. मुलांस त्या संस्थेचे नाव ठाऊक नव्हते, पण निकाल त्यांनी आधीच दिलेला होता. एकाने तर मला ह्या जाहिरातींचे मर्मच उलगडून सांगितले: "सर, त्यातला माणूस मुद्दाम हरतो. तो इतका मूर्खपणाने हरतो की आपल्याला वाटते, द्या इकडे, मी दाखवतो." मनुष्यस्वभावाचे इतके सूक्ष्म ज्ञान मला नववीत असताना नव्हते.

ट्रॅक्टरचाही विषय निघाला. आमच्या बहुतेक मुलांच्या हातांतील मोबाईल वडिलांच्या नावावर असतात. म्हणून चौदा वर्षांच्या मुलास क्रिकेट खेळताना ट्रॅक्टरचे कर्ज, फवारणीचे औषध आणि विम्याचे हप्ते यांच्या जाहिराती येतात. मोबाईलच्या लेखी खेळणारा हा पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी असतो. त्या दिवशी आम्ही ह्या गोष्टीवर पोट धरून हसलो.

इतका वेळ मागच्या बाकावरचा एक मुलगा काही बोलला नव्हता. तो अंबड तालुक्यातील एका खेड्यातून रोज एसटीने येत असे. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर उत्तम. तो उठला आणि म्हणाला, "सर, सगळ्या जाहिराती मध्ये येत नाहीत. काही आम्ही स्वतःच मागतो." मी विचारले, त्या कोणत्या? त्याने समजावून सांगितले. डाव हरला, फलंदाज बाद झाला, किंवा षटके संपली की खेळ विचारतो: तीस सेकंदांची जाहिरात पाहता काय? पाहिली तर एक षटक अधिक, किंवा इतकी नाणी. होय म्हटले तरच ती लागते. "ती जाहिरात नव्हे, सर," तो म्हणाला, "ती कमाई."

मला ते वाक्य फार आवडले. किती नेमके, किती तोलून बोललेले! मी खडू घेतला आणि ते फळ्यावर लिहिले: ती जाहिरात नव्हे, ती कमाई. खाली रेघ ओढली आणि मुलांस म्हणालो, "पाहा, अपन्हुती अलंकार न शिकवताही येतो." त्यास सर्वांनी टाळ्या दिल्या. तास संपला.

तो मुलगा दिवसाकाठी अशा किती जाहिराती पाहतो हे मी त्यास विचारले नाही. विचारावयास हवे होते. चाळीस पाहिल्या तर वीस मिनिटे होतात, हे गणित मी पुढे मांडले.

जून महिना आला. मृगाच्या सुमारास, शाळा नुकतीच उघडली असताना, त्या मुलाचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्याकडे कोरडवाहू चार एकर, त्यात कपाशी. ते सहीपुरते शिकलेले आहेत. टाळेबंदीच्या वर्षी शाळा मोबाईलवर भरू लागली तेव्हा, "मुलाचे नुकसान होऊ देऊ नका, एक चांगला मोबाईल घ्या," असे त्यांस मीच फोन करून विनविले होते, आणि त्यांनी दोन शेळ्या विकून तो घेतला होता. पुढे बँकेचे व्यवहारही त्याच मोबाईलवरून होऊ लागले. वडिलांस वाचता येत नसल्यामुळे ते सारे मुलगाच करी. परवलीचा आकडा त्यास ठाऊक होता. घरचा कारकून म्हणून वडिलांस त्याचा अभिमान होता.

ते पासबुक घेऊन आले होते. म्हणाले, "सर, बँकेनं सहा हजार रुपये खाल्ले. पेरणीसाठी ठेवले व्हते. तुमच्या हातचा अर्ज पाहिजे." मुलगा शेजारीच उभा होता. मी पासबुक उघडले. पन्नास, शंभर, दोनशे, पुन्हा पन्नास, पुढे पाचशे, अशा अकरा दिवसांच्या ओळी. चोर असा पन्नास-पन्नास नेत नाही. मी मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. मला कळावयाचे ते कळले.

मग मी जे केले ते सांगावयास लाज वाटते, पण सांगतो. मी वडिलांस म्हणालो, "अर्जाचा ठरावीक नमुना असतो, तो मिळवून ठेवतो, उद्या या." असा काही नमुना नव्हता. मला एक दिवस हवा होता.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या खोलीत मुलाने सगळे सांगितले. अधिक षटकांसाठी जाहिराती पाहता पाहता एक जाहिरात वारंवार येऊ लागली. ती पत्त्यांच्या खेळाची होती, पैसे लावून खेळावयाच्या. त्यातील माणूस म्हणे, पहिले पन्नास रुपये आमचे. वडिलांच्या नंबरावर त्याने नाव नोंदविले. पहिल्या दोन रात्री एकशे चाळीस रुपये जिंकले आणि त्या पैशांनी त्याने आईसाठी चपला घ्यावयाचे ठरविले होते. तिसऱ्या रात्रीपासून उतार लागला. गेलेले परत मिळवावे म्हणून आणखी गेले. मी रागाने म्हणालो, "तुला इतके समजत होते, वर्गात इतके शहाणे बोललास, आणि तरी?" तो म्हणाला, "सर, जाहिरात बघितली की मिळतं, हे दोन वर्षं खरंच होतं. म्हणून हेही खरं वाटलं." आणि थोड्या वेळाने, खाली पाहात: "तुम्हीच म्हणाला होता, वाक्य चांगलं आहे."

मी निरुत्तर झालो. ज्या जाहिरातींवर मुले चिडतात, त्यांच्यापासून चिडण्यानेच त्यांचे रक्षण होते. मधेच येऊन घास काढणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. खोट्या खेळाला ती हसतात. जी जाहिरात विचारून येते, तीस सेकंद बसल्याबद्दल मजुरी देते आणि दर वेळी शब्द पाळते, तिने मात्र दोन वर्षे त्याच्या मनात एक सवय मुरविली होती, की पडद्यापुढे बसले की मिळते. पुढे पत्त्यांच्या जाहिरातीने तेच वचन थोड्या मोठ्या नाण्यांत दिले, एवढेच. आणि ह्या साखळीतील पहिल्या कडीला मी फळ्यावर लिहून टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

त्याची विनंती अशी: "सर, तुम्ही अर्ज लिहून द्या. बँक काहीच करणार नाही, बाबा दोन-चार फेऱ्या मारतील आणि गप्प बसतील. त्यांना कळायला नको." चतुर मुलगा होता, आणि मी मोहात पडलो हेही खरे. त्या रात्री मी घरी म्हणालो की, सहा हजार आपणच गुपचूप भरून टाकावे. पत्नीने भाकरी उलथता उलथता उत्तर दिले, "पैसे तुम्ही द्याल, पण खोटे त्याला जन्मभर सांभाळावे लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलापुढे कोरा कागद ठेवला आणि सांगितले, "अर्ज तूच लिही, बँकेस नव्हे, वडिलांस." त्याने दीड पान लिहिले. वडिलांस वाचता येत नव्हते, म्हणून ते वाचूनही त्यालाच दाखवावे लागले. ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही तिघेच होतो. तो वाचीत असता दोनदा थांबला; मी खिडकीबाहेर पाहात राहिलो. मला भीती होती ती वडिलांच्या हाताची. ते धिप्पाड आहेत, आणि त्या वर्षी कपाशीच्या एका पाकिटाचा सरकारी भाव ८५३ रुपये होता. म्हणजे सात पाकिटांचे बी त्या अकरा रात्रींत गेले होते.

वाचून झाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण त्यो खेळ तर फुकट हाय म्हणला व्हतास नं?"

"फुकटच होता, बाबा."

पुन्हा शांतता. नंतर ते माझ्याकडे वळले. "सर, लई वर्सं झाली. जालन्याच्या रस्त्याला एका भिंतीवर बोंडं रंगवली व्हती, नारळायेवढी. ती पाहून म्या बी घेतलं, सगळ्या रानात तेच लावलं. रानात तसली आली न्हाईत. सालभर उधारी फेडली. तवा मला कुनी मारलं न्हाई." असे म्हणून त्यांनी तो कागद मुलाच्या हातून घेतला, चार घड्या केल्या, आणि पासबुकात ठेवला.

ज्या गावाने बियाण्यांच्या व्यापारात देशभर नाव मिळविले, त्या गावाच्या वाटेवर भिंती वाचून शिकलेला हा मनुष्य होता. आपल्या मुलावर काय गुजरले हे त्यास मजपेक्षा लवकर समजले. मी जाहिरातींच्या जाती ऐकत बसलो होतो. ह्याने एक वर्ष उधारी फेडली होती. पेरणी त्या वर्षी कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर झाली. मुलगा दिवाळीच्या सुट्टीत लोकांच्या रानात कापूस वेचावयास गेला आणि जे मिळाले ते त्याने वडिलांच्या हाती दिले. सगळे फिटले नाही, बरेचसे फिटले. परवलीचा आकडा वडिलांनी बदलला नाही. मी तसे सुचविले होते, ते म्हणाले, "मग हिशेब कोन करील?"

ह्या मधल्या काळात सरकारनेही पावले उचलली आहेत. पैशांच्या खेळांच्या जाहिरातींसाठी आपल्या देशातील जाहिरात-मानक परिषदेचे नियम १५ डिसेंबर २०२० पासून होतेच: अठरा वर्षांखालील मूल त्यात खेळताना दाखवू नये, आणि ह्यात पैसे जाण्याचा व व्यसन लागण्याचा धोका आहे ही सूचना द्यावी, छापील जाहिरातीत ती जागेचा निदान एक-पंचमांश भाग व्यापील अशी असावी. ती सूचना क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी दूरदर्शनवर मी ऐकली आहे, आई मला विचारी, "शेवटी हा घाईघाईने काय पुटपुटतो रे?" मग २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात संसदेने कायदाच करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती ही दोन्ही बंद केली. त्याचा एक परिणाम मुलांनी लगेच टिपला: भारतीय संघाच्या सदऱ्यावरून पुरस्कर्त्याचे नाव उतरले, आणि सप्टेंबरातील आशिया चषक आपला संघ पुरस्कर्त्याच्या नावावाचून खेळला व जिंकला. १९९६ साली आम्ही धुतलेल्या भिंतीची मला आठवण झाली.

२०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात असेही आहे की, अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. कायदा उत्तम आहे. परंतु आमच्या वर्गात ज्या ट्रॅक्टरवर आम्ही हसलो होतो तो मला येथे आठवतो. वडिलांच्या नावावरील मोबाईलमध्ये मूल कोठे आहे हे कायद्याने कसे ओळखावे? ते ओळखण्याचे काम तूर्त तरी घरातील मोठ्या माणसांकडेच आहे, आणि पालकहो, ज्या शिक्षकाने फोन करून मोबाईल घ्यावयास लावला, त्याच्याकडेही थोडे आहे. अलीकडे मी मुलांस "किती वेळ खेळता?" असे न विचारता "आज खेळात काय काय विकायला आले होते?" असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळते. दुसऱ्याला पुष्कळ खरे मिळते, आणि कधी कधी नक्कलही पाहावयास मिळते.

आईचा लुडो चालू आहे. नातवंडे मोठी झाली, त्यांस आता वेळ नसतो. म्हणून ती मंडळीतील दोन मैत्रिणींबरोबर खेळते. जाहिरात अजूनही शेवटपर्यंत पाहते. फक्त त्यात कोणी पैसे मिळण्याची भाषा काढली की मोबाईल पालथा घालते आणि भिंतीवरच्या घड्याळात तीस सेकंद मोजते.

तो मुलगा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला व सध्या जालन्यातच बारावीत आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो ह्या लेखासाठी परवानगी देण्यास वडिलांना घेऊन घरी आला होता. आईने दोघांस करंज्या दिल्या. मी त्यास विचारले, "अजून क्रिकेट खेळतोस का मोबाईलवर?" म्हणाला, "कधी कधी खेळतो, सर." "आणि ते षटक? जाहिरात पाहून मिळते ते?"

तो थोडा हसला. "नाही घेत, सर. बाद झालो की बाद."

वडील म्हणाले, "मला शिकवतोय आता. म्या घेतो."